निवळलेलं तळं

आप्पासोच्या घरात दोन नेमांना कुणी हात लावायचा नाही. पानमळ्यात पायताण घालून शिरायचं नाही, हा नेम आप्पासोचा. आणि पाणी गाळल्याबिगर प्यायचं नाही, हा त्याच्या आईचा, चंद्राबाईचा.

पाणी तर गावातली सगळीच जैन घरं गाळून पीत. पण चंद्राबाईचं गाळणं म्हणजे बघत राहावं असं. हंड्याच्या तोंडावर दुपदरी धुवट फडकं बसवायचं, वरनं बारीक धार धरायची, मग फडकं हलक्या हातानं उलटं करून गाळलेलंच पाणी त्यावर सोडायचं आणि अडकलेले बारीक जीव वाटीत उतरवून घ्यायचे. त्याला म्हणतात जिवाणी. जिथलं पाणी तिथले जीव, म्हणून ती जिवाणी परत तळ्यात नेऊन सोडायची. बाकीच्या बायका दुसऱ्या खेपेला जाताना वाटी घेऊन जात. चंद्राबाई त्यासाठी वेगळी खेप करायची, काठावर बसून वाटी पाण्याला टेकवायची आणि मगच कलती करायची.

"आव्वा, त्या किड्यांना पालखी तेवढी राहिली बघ," आप्पासो चिडवायचा.

"तुझ्या पानवेलींचं लाड काय कमी हाईत का रं?" म्हातारी उलटून विचारायची, आणि आप्पासो हसून मळ्याकडं सटकायचा.

गाव मिरजेच्या पूर्वेला, जतच्या वाटेवर. नाव सांगत नाही; अजून माणसं नांदतात तिथं, उगाच कशाला? लढाईची वर्षं होती, घरटी एक पोरगा पलटणीत गेलेला. आता तुम्ही विचाराल, गावाला विहिरी नव्हत्या का? होत्या की! पण पाणी असं मचूळ, की त्यात डाळ शिजायची नाही आणि चहात दूध घातलं की फाटायचं. गोडं पाणी म्हणजे गावाच्या उशाचं तळं, तेवढं एकच. माणसं तेच पीत, जनावरं तेच पीत, आणि आप्पासोचा पानमळाही त्याच्याच पाटावर. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या-कलिंगडं लावत. त्याआधी त्या जागेत बिराप्पा धनगराची मेंढरं बसवत. लेंडीखताचं बळ काय विचारता! आणि पाऊस आला की ते सगळं बळ धुऊन तळ्यात. गावानं वर्षानुवर्षं तळ्याला असं चारलं, आणि वर म्हणायचं काय, तर देवीचं तळं हाय, त्याला काय हुतंय!

त्या साली चैत्रात आप्पासोची एकुलती एक लेक राजमती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सांगलीला दिली होती, अजितकुमार नावाच्या हळदीच्या व्यापाऱ्याला. घर कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. आप्पासोनं बाज नव्यानं विणून घेतली, डिंक-अळीव आणून ठेवले, आणि मळ्यातली कवळी पानं रोज तिच्यापुढं ठेवायचा. पोटुशी पोर, वर उन्हाळा. तिला तहान लय लागायची. तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची.

"आण्णा, पोटात माशाचं पिल्लू हाय वाटतं," ती म्हणायची. बाप पोट धरून हसायचा, आणि आई, गुणमाला, "काय बोलतीस गं!" म्हणून दोघांवरनं मीठ-मोहऱ्या उतरायची.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तळ्यावर हिरवं आलं.

रोजचं शेवाळ नव्हे. शेवाळ हाताला लागतं, ओढून बाहेर टाकता येतं. हे मुठीत धरावं तर बोटातनं निसटायचं. सगळं पाणीच रंग खलवल्यासारखं झालं, आणि वर जाड साय. वारा पश्चिमेचा, म्हणून ती सगळी साय पूर्वेच्या काठाला जाऊन साठायची. जनावरं पाण्याला यायची ती नेमकी तिथंच. काठावर वाळली की निळी पडायची, आणि वास असा सुटायचा की नाकाला पदर लावावा.

चंद्राबाईच्या फडक्यावर आता हिरवा लगदा बसायला लागला. म्हातारीनं तोही वाटीत उतरवून घेतला आणि तळ्याकडं निघाली.

"आव्वा, घाण हाय ती! उकिरड्यावर टाक जा."

"घाण हाय का जीव हाय, तुला काय ठावं? जिथलं तिथं."

पुढं एका दुपारी बिराप्पाची मेंढरं पाण्यावर आली. पाणी पिऊन काठ चढायच्या आत लडबडायला लागली. पाय तिडे पडायचे, तोंडाला फेस, माना उलट्या वळायच्या. बिराप्पा एकाला उभं करी तोवर दुसरं आडवं. आप्पासो मळ्यातनं तसाच अनवाणी धावला. तो पोचला तेव्हा बिराप्पा घंटी बांधलेल्या म्होरक्या मेंढ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं कुत्रंही पलीकडं पाय झाडत होतं.

"सकाळी चांगली हुती वं आप्पा," तो म्हणाला. "कुणी घातलं वो इख? मी कुणाचं काय वाईट केलं?"

आप्पासो त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. दुसरं काय करणार?

गावानं मग जे गाव करतं ते केलं. देवीची ओटी भरली, कोंबडं दिलं. दोन भाऊबंदांनी एकमेकांवर विषाचा आळ घेऊन डोकी फोडून घेतली. हिरवं हललं नाही. शेवटी जनावरांचा सरकारी डॉक्टर सायकल मारत आला. त्यानं मेलेलं मेंढरू फाडून बघितलं, तळ्याच्या काठावर बसून पाणी हुंगलं, आणि सांगितलं, "विष कुणी घातलेलं नाही. ते हिरवंच विषारी आहे."

"मग आमी करायचं काय, सायेब?" केरबानं विचारलं. केरबा म्हणजे पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला हवालदार. गावात कुणालाही जाब विचारायचा तर तो केरबानंच.

"मोठ्या शहरांच्या तलावांत मोरचुदाची पोती होडीमागं बांधून ओढतात असं वाचलंय मी. हिरवं मरतं, पाणी निवळतं. पण या लढाईत मोरचूद आणायचा कुठून? आणि मिळाला, घातला, तरी पाणी पुरतं निवळेपर्यंत तोंडाला लावायचं नाही."

भला माणूस होता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगून गेला.

घोळक्यात मागं आप्पासो उभा होता. मोरचूद, निळ्या खड्यांचं अख्खं पोतं, त्याच्या माळ्यावर होता. वेलीवर रोग आला की चुन्यात कालवून मारायला लढाईच्या आधी घेऊन ठेवलेला, पोरासारखा जपलेला. तो गप्प राहिला. एक तर वेलींचं काय, हा विचार. आणि दुसरं, आव्वा.

म्हणून आधी त्यानं दुसरे सगळे उपाय केले. गाडीवर पिंप ठेवून शेजारच्या गावच्या विहिरीचं पाणी आणलं. त्या लोकांनी सुरुवातीला दिलं, नाही असं नाही. पण त्यांच्याच विहिरीनं तळ गाठला तेव्हा त्यांनी हात जोडले. "आप्पा, आमचीच पोरं रांगंला हाईत वं." त्यांना तरी काय बोलणार? मग गाव पुन्हा तळ्यावर आलं. पश्चिमेच्या काठाचं पाणी त्यातल्या त्यात बरं म्हणून ते भरायचं, दुपदरी नाही चौपदरी गाळायचं, उकळायचं. उकळलं की वास आणखीच उठायचा. राजमतीच्या पोटात ते ठरेना. मचूळ पाणी प्यावं तर पोटात कळ यायची. पोर ओठांवरनं जीभ फिरवत बाजेवर पडून राहायची आणि बाप आला की हसायचा प्रयत्न करायची.

तशात एक दिवस दाराशी सांगलीची गाडी थांबली. अजितकुमार उतरला, आणि त्याच्या मागं गाडीवानानं तांब्याचा भला मोठा हंडा उतरवला. तोंडाला फडकं बांधलेलं.

"हे काय, पाहुणं?" आप्पासोनं विचारलं.

"कृष्णेचं पाणी, मामा. बातमी कळली म्हणून आणलं."

आप्पासो काही बोलायच्या आत राजमती भिंतीला धरून बाहेर आली. गुणमालानं फडकं सोडून तांब्या भरून दिला. पोरीनं तो उभ्याउभ्या संपवला. दुसरा भरला, तोही संपवला. हनुवटीवरनं पाणी गळत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं. शेजारपाजारच्या बाया दारात येऊन बघत होत्या. लेक बापाच्या घरात उभी राहून जावयानं आणलेलं पाणी घटाघट पिते, हे आप्पासोच्या काळजात सुरीसारखं गेलं.

"मामा, मी राजमतीला घेऊन जातो," अजितकुमार हळू म्हणाला. "बाळंत झाली की आणून सोडतो की. आत्या हाय घरात, सगळं करंल."

"धाड रं," चंद्राबाई कोपऱ्यातनं म्हणाली. "पोरीला धाडून दे."

गुणमालानं नवऱ्याकडं बघितलं. तिच्या मनात काय होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आणि आप्पासोनं काय करावं? "नेतो म्हणता तर न्या," एवढं चार शब्दांचं काम होतं. पण पहिलटकरीण माहेरच्या उंबऱ्यातनं तशीच परत? का, तर म्हणे बापाकडं प्यायला पाणी नाही! आमच्याकडं माणूस घर विकेल, पण हे वाक्य तोंडातनं काढणार नाही.

"पाहुणं," तो म्हणाला, "जरा दम काढा. आमच्यात लेकीला पाण्याला कमी पडायचं न्हाई."

"मामा, तसं न्हवं—"

"काय गं राजू? जातीस का?"

राजमतीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा बापाकडं. "आण्णा म्हणत्यात तसं," ती म्हणाली. लेकी असंच म्हणतात, आणि बाप ते खरं धरतात.

गाडी परत गेली. हंडा तेवढा राहिला. आप्पासोनं शिडी लावली आणि माळ्यावरनं मोरचुदाचं पोतं खाली ओढलं.

चंद्राबाईनं पोतं बघितलं आणि सगळं ओळखलं. "वेलीवर मारलास तवा मी गप बसले. तळ्यात मासं हाईत, बेडकं हाईत, दिसत न्हाईत असं लाखानं जीव हाईत."

"माझी लेक तहानेनं मराय लागलीया, आव्वा! तुला लाख जीव दिसत्यात, ही एक दिसत न्हाई?"

"लेकीला सांगलीला धाडलीस, तर एकबी मरत न्हाई."

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा आप्पासोनं चढवला. म्हातारी ऐकत राहिली. त्याचं ओरडून झाल्यावर म्हणाली, "मग गड्याला लावू नगंस. पाप करायचं तर आपल्या हातानं करावं."

सुक्या भोपळ्यांवर फळ्या बांधून केलेली सांगड त्यानं बिराप्पाकडनं आणली. पोत्यातले निम्मे खडे बारदानात बांधले, बारदान सांगडीमागं दोरीनं सोडलं, आणि आप्पासो स्वतः सांगडीवर बसला. बिराप्पा पोहत ढकलत होता. मेंढरं गेल्यापासून त्याला दुसरं काम नव्हतं. मागं पाण्यात निळी रेघ उमटायची आणि हिरव्यात मिसळून जायची. सगळं गाव काठावर उभं होतं. उभं-आडवं सगळं तळं त्यांनी फिरून काढलं. संपलं तेव्हा आप्पासोच्या हाताला कळ लागली होती आणि बोटं निळी झाली होती.

दुसऱ्याच दिवशी मासे वर आले. पांढरी पोटं वर करून, लहान-थोर सगळे. आप्पासो म्हणजे मुंगी बघून पाय टाकणारा माणूस, पण ते पाटीनं भरून बाहेर काढणं त्यानंच केलं, मळ्याकडेला खड्डा घेतला आणि पुरले. उलटी आली तरी थांबला नाही. हात धुवायला घरी आला तर आव्वानं हातावर पाणी ओतलं.

मग हिरवं पिवळं पडलं, विटलं, तळाला बसलं. आणि तळं निवळलं! काय निवळलं म्हणून सांगू? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं तर पायाची नखं दिसावीत. तरी गावानं घाई केली नाही हो. डॉक्टर म्हणाला होता पुरतं निवळू द्या, म्हणून पुरतं निवळल्यावरही वर आणखी काही दिवस थांबले. कुणी म्हणू नये की गावानं ऐकलं नाही.

पाणी भरायच्या दिवशी केरबा काठावर आडवा उभा राहिला. "मोरचूद म्हंजे इखच की. ज्यानं घातला त्यानं आदी प्यावं. काय आप्पा, खोटं बोलतोय का?"

"खोटं कशाला? बरूबर हाय," आप्पासो म्हणाला. वाकला, तांब्या बुडवला आणि सगळ्यांसमोर रिकामा केला. मिशा पुसून म्हणाला, "गोड हाय, गड्यांनो! नुसतं गोड!"

बायांनी एकच गिल्ला केला. पहिला हंडा आप्पासोच्या घरी, असं केरबानंच ठरवलं. गुणमालाच्या डोक्यावर हंडा, पुढं आप्पासो, मागं निम्मं गाव. त्याच्या जन्मात एवढा मान त्याला कधी मिळाला नव्हता. खोटं कशाला सांगू, त्याला तो आवडला.

चंद्राबाईनं रोजच्यासारखं फडकं बसवलं आणि पाणी गाळलं. फडकं उलटं करताना तिचा हात थांबला. ते उजेडाला धरून बघितलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"ह्यात काय न्हाई," ती म्हणाली.

"मग! काच झालीया काच!"

"तसं न्हवं रं. एकबी जीव न्हाई. ज्या पाण्यात किडा जगंना, ते माणसानं कसं प्यावं?"

"घ्या! किडं असलं तरी वरडायचं, नसलं तरी वरडायचं!" आप्पासो हसला, सगळे हसले. राजमतीनं तांब्या उचलला. "आण्णा, किती दिसांनी," असं काहीसं म्हणाली, आणि प्याली. चंद्राबाईनं त्या पाण्याला तोंड लावलं नाही. ती मचूळच प्यायची. हट्टी म्हातारी, सगळे म्हणाले. राजमतीनं घोट-घोट पुरवलेलं थोडं कृष्णेचं पाणी जावयाच्या हंड्यात तळाला उरलं होतं. आप्पासोनं ते पानवेलीच्या मुळाशी ओतलं, हंडा चिंच लावून लख्ख घासायला लावला आणि सांगलीला परत धाडून दिला.

आता जे सांगतो ते आज शिकलीसवरलेली पोरं सहज सांगतात. ते हिरवं जिवंत असतं तोवर आपलं विष बहुतेक पोटात धरून असतं. डोळ्याला दिसतं, नाकाला कळतं, माणूस लांब राहतो. ते एकदम मारलं की फुटतं आणि पोटातलं सगळं विष पाण्यात सोडतं. त्या विषाला रंग नाही, वास नाही. ते फडक्यानं गाळलं जात नाही आणि उकळून जात नाही. तळं निवळलं म्हणजे शुद्ध झालं नव्हतं; जे आधी दिसत होतं ते दिसेनासं झालं होतं. पण हे तेव्हा त्या गावात कुणाला ठाऊक असणार? कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं, आणि आव्वालाही नव्हतं. तिनं जे केलं ते आपल्या धर्मानं केलं.

आधी पोरांची पोटं बिघडली. मग मोठ्यांना वांत्या, डोकेदुखी, अंगात ताप. घरटी एक अंथरूण पडलं. गावातली दोन म्हातारी माणसं गेली. आप्पासो स्वतः ओकून ओकून पिळून निघाला, पण गडी काटक, उठला. राजमतीला उठता येईना. उजव्या बरगडीखाली हात लावू द्यायची नाही, डोळे हळदीसारखे पिवळे. हळदीच्या व्यापाऱ्याची बायको ती! गुणमालाच्या तोंडून हेच निघालं आणि तिनं आपल्याच तोंडावर हात मारून घेतला.

गाडीत गादी घालून तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथं ती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. मूठभर, पण रडली. राजमतीचं मात्र रक्त थांबेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं आप्पासोला बाहेर बोलावून सगळं विचारलं. तळं केवढं, मोरचूद किती, कधी घातला. आप्पासोनं काही लपवलं नाही. शेवटी हात जोडून म्हणाला, "सायेब, मीच मारली का माझ्या लेकीला?"

डॉक्टरनं कागदावर हिशेब मांडला. "एवढ्या पाण्यात एवढ्या मोरचुदानं असं व्हायला नको," तो म्हणाला. "तिचं यकृत गेलंय. कशानं, ते मला सांगता येत नाही."

"मग वाचंल का?"

डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली.

तूच मारलीस, असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. आप्पासोला कुठं तरी डोकं आपटायला भिंत मिळाली असती. ती पण मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी राजमतीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आप्पासोनं पेला भरून तिच्या ओठांशी नेला. तिनं ओठ मिटून घेतले.

"कुठलं हाय, आण्णा?" तिनं विचारलं.

"हितलं हाय, बाळ. मिरजेचं. आपलं न्हवं."

मग ती घोटभर प्याली. दिवस मावळायच्या आत गेली.

अजितकुमार एक शब्द वाकडा बोलला नाही. दहन होईस्तोवर सासऱ्याच्या शेजारी उभा राहिला. त्यानं शिवी दिली असती, कानफटात मारली असती, तरी आप्पासोनं पाय धरले असते. पोर एवढी नाजूक की तिला सांगलीला कसं न्यायचं, म्हणून गुणमालानं ती पदराखाली घेतली. बिराप्पानं न मागता एक दुभती शेळी आणून दारात बांधली. "माझी मेंढरं गेली तवा तुमी आला हुता की," एवढंच म्हणाला. तिच्या दुधावर पोरगी धरली, हळूहळू बाळसं आलं.

गावानं आप्पासोला वाळीत टाकलं नाही, दगडही मारला नाही. केरबानंच पहिला हंडा त्याच्या घरी धाडला होता, आता तो कुठल्या तोंडानं बोलणार? नुसती माणसं त्याच्या ओट्यावर बसायला यायची बंद झाली. आप्पासो मळ्यात जायचा, वेलींना हात लावायचा, आणि कुठल्या मुळाशी तो कृष्णेचं पाणी ओतून मोकळा झाला होता ते त्याला नेमकं दिसायचं. त्या वेलीची पानं त्यानं परत कधी खुडली नाहीत.

पाऊस आला, तळं भरलं, ओढ्यातनं मासे आले, बेडकं ओरडायला लागली. चंद्राबाईच्या फडक्यावर पुन्हा वळवळ दिसायला लागली. म्हातारीचे गुडघे आता गेले होते, म्हणून जिवाणी घेऊन आप्पासो जायचा. काठावर बसायचा, वाटी पाण्याला टेकवायचा, मगच कलती करायचा. पालखीची थट्टा आता कोण करणार?

पुन्हा चैत्र आला. पाणी मागं हटलं, गाळात काकड्यांचे वेल धरले. पोरगी भिंतीला धरून उभी राहायला लागली होती, आणि आईसारखीच सारखी पाण्याला हात करायची.

एका सकाळी चंद्राबाईनं फडकं उलटं केलं आणि ते तसंच आप्पासोपुढं धरलं. पांढऱ्या कापडावर हिरवी झाक होती. लगदा नव्हे, साय नव्हे. नुसती झाक.

माळ्यावर निम्मं पोतं अजून होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. घातलं तर काय होतं ते बघून झालं होतं. न घातलं तर काय होतं तेही बघून झालं होतं.

"आव्वा, हे काय करू?" त्यानं विचारलं.

म्हातारीनं फडक्यावर पाणी सोडलं, ते हिरवं वाटीत उतरवलं आणि वाटी त्याच्या हातात दिली. "दुसरं काय करणार रं," ती म्हणाली. "जिथलं तिथं."

काठावर केरबा उभा होता. त्यालाही दिसलं होतं. "आप्पा, आलंय रं पुन्हा. काय करायचं? काय तरी सांग की, गड्या."

"मला काय ठावं, केरबा," आप्पासो म्हणाला. खाली बसला, वाटी पाण्याला टेकवली आणि कलती केली. हिरवं पाण्यात उतरलं आणि पाण्याचंच झालं.

घरी येऊन त्यानं बैल जुंपले. गुणमालानं पोरीची कुंची, दुपटी बांधून दिली, पोरीला उराशी घट्ट धरलं आणि त्याच्या हातात देऊन आत निघून गेली.

सांगलीत पोचेस्तोवर उन्हं कलली होती. अजितकुमार दारात आला. आप्पासो गाडीतनं उतरला, पोरीला पुढं केली, आणि गेल्या साली याच माणसापुढं जे वाक्य त्याच्या तोंडातनं निघालं नव्हतं ते म्हणाला.

"पाहुणं, आमच्यात प्यायला पाणी न्हाई. लेकरू तुमच्यात ऱ्हाऊ द्या."

अजितकुमारनं पोर घेतली. आत्यानं घोंगडं अंथरलं, आणि आल्या माणसाला देतात तसा पाण्याचा तांब्या आणून आप्पासोपुढं ठेवला. दिवसभराच्या उन्हानं त्याच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं तांब्या उचलला. पाणी निवळ होतं, तांब्याचा तळ दिसत होता.

"प्या की, मामा," अजितकुमार म्हणाला. "कृष्णेचं हाय."

आप्पासोनं पाण्याकडं बघितलं, आणि तांब्या तसाच खाली ठेवला.